धन जमिनीला

स्किप्टनच्या औषधांच्या दुकानात
सोळा वर्षं गोळ्या मोजतेय, म्हणून असेल,
मॉरिस मायनरच्या बॉनेटखालची ती काचेची बाटली
मला पहिल्यांदा खोकल्याच्या औषधाचीच वाटली.
अंगावर मापाच्या रेघा, तळाशी हिरवट साका,
झाकणातून निघालेली रबरी नळी
वाळल्या गवारीसारखी,
हात लावला तर कडकन मोडली.

डॅशबोर्डवर एक काळं बोंड आहे.
ते अंगठ्यानं दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं,
मग काचेवर पाणी यायचं म्हणे.
माझ्या वाट्याला एक सुस्कारा आला
आणि पावलावर दोन थेंब.

त्यात फेब्रुवारी.
रात्री रस्त्यावर मीठ टाकलेलं,
सकाळी ऊन असं आडवं
की काचेचं एकदम ताक झालं.
ग्रासिंग्टनच्या वळणावर
खिडकीतून मुंडी बाहेर काढून मी गाडी हाकली.
मेंढ्यांनी चरणं थांबवून पाहिलं.

"इलेक्ट्रिक पंप," ग्रॅहम ओल्डरॉइड म्हणाला.
शेजारी. लोकरीच्या गिरणीत चाळीस वर्षं
मागांना तेल घातलेला माणूस.
बोलणं जुन्या तारेसारखं, शब्दाला पैसे पडत असल्यागत.
"बोंड राहू दे. मागे स्विच लपवू."

शनिवारी बसवला.
लाल तार वीज येते तिथे, काळी पत्र्याला,
चारचौघांसारखी.
पंप गुरगुरला.
काच कोरडी ठणठणीत,
बाटलीत मात्र बुडबुडे,
आत कुणी पोर नळीनं फुंकत बसल्यासारखे.

ग्रॅहमनं चहाचा मग मडगार्डवर ठेवला,
मग आठवण झाल्यासारखा उचलून जमिनीवर ठेवला,
बॅटरीकडे बोट केलं.
"एकोणसाठची आहे. हिचं उलट."
पुढचे दोन शब्द तो इंग्रजीत बोलला,
मला ऐकू आले ते आठवीच्या प्रयोगशाळेतून,
टिकेकर बाईंच्या आवाजात:
धन जमिनीला.
ऋण तारांतून फिरतं.

मी हसत सुटले.
त्याला काय सांगणार?
मिरजेजवळ अडीच गुंठे घेऊन ठेवलेत,
तिथे कुसळं उगवतात,
आणि इथे माझ्या अंगातून
घराचा हप्ता गुणगुणत असतो
एक तारखेपासून तीस तारखेपर्यंत.
आम्ही दोघी एकाच कारखान्याच्या.
"काय झालं?" ग्रॅहम.
"काही नाही. तारा बदल."

बदलल्या. पंपाचा सूर बदलला.
नवी नळी ताठ झाली, तरी काच कोरडीच.
डाव्या तोटीत साठ वर्षांचा चुना.
मग मी पर्समधून इन्सुलिनची सुई काढली,
एकतीस नंबरची, केसाहून थोडी जाड,
आणि ग्रॅहमला धरायला दिली टॉर्च.
हे काम माझं होतं.
थोडं आत. थोडं फिरवून. पांढरी भुकटी.
"दाब," मी म्हणाले.
त्यानं खिडकीतून हात घालून दाबलं
आणि तोंड पुढे करून पाहायला आला.

पाणी काचेवरून, टपावरून,
सरळ त्याच्या चष्म्यावर.
तो तसाच उभा राहिला.
"मला वायपर नाहीत," म्हणाला.
इतकी वर्षं शेजारी राहून
त्याचा पहिला विनोद मी ऐकला.

तोटी किंचित खाली वळवली.
तीन भाग पाणी, एक भाग स्पिरिट,
मापाच्या रेघेवर डोळा आणून ओतलं,
सवयीनं लेबलही चिकटवलं:
फक्त बाह्य उपयोगासाठी.

सोमवारी तोच रस्ता, तेच आडवं ऊन.
अंगठा बोंडावर ठेवला.
दोन कमानी उठल्या, मध्ये एकमेकींना शिवल्या,
वायपर कण्हत एकदा गेले, एकदा आले,
आणि ताकातून वर आली
दगडी भिंत, तिच्यावरचं शेवाळ,
मेंढीच्या पाठीवरचा निळा शिक्का,
आणि अगदी पुढ्यात, सावकाश,
पिवळा दिवा फिरवत
मुठी मुठीनं मीठ उधळत चाललेली
कौन्सिलची लॉरी.

अंगठा काढलाच नव्हता.